अर्ध्या हळकुंडाने पिवळे

दार लावून घ्या. मागच्या रांगेतले दोघे पुढे या. मोबाइल टेबलावर, पालथे. आज केस प्रेझेंटेशन नाही. आजची केस तुम्हीच आहात.

रविवारच्या शिबिराचं रजिस्टर माझ्यापुढे आहे. सत्तेचाळिसावं नाव. वय ६८, एसटीतून निवृत्त कंडक्टर. पुढे सुंदर अक्षरात लिहिलंय (अक्षर सुंदर आहे तुझं, त्याबद्दल माझी तक्रार नाही): 'ओसीटीवर नर्व्ह फायबर लेयर पातळ. डिमेन्शियाची सुरुवात? न्यूरोकडे पाठवणे.' लिहून थांबला असतास तर मी केबिनमध्ये बोलावून पाच मिनिटांत सोडलं असतं. पण तू त्या माणसाच्या मुलाला व्हॅनच्या मागे नेलंस आणि सांगितलंस, 'बाबांच्या मेंदूत झीज सुरू झालेली असू शकते, डोळ्याच्या स्कॅनमध्ये दिसतंय.'

उभा राहा. बाकीच्यांनी हसायचं कारण नाही. तुमच्यातल्या तिघांनी त्या व्हॅनमध्ये हाच उद्योग केलाय, त्यांची पानं मी दुमडून ठेवलीत.

काल तो मुलगा माझ्या ओपीडीत आला होता. काय मागत होता माहीत आहे? 'बाबांना विसरायचा आजार आहे असा कागद द्या.' कशाला, असं विचारलं तर म्हणाला, बँकेत लागेल, तलाठ्याकडे लागेल. दोन दिवसांत त्यांच्या घरी काय काय झालं ते ऐक. कपाटाची किल्ली बापाच्या करगोट्यातून सुटून सुनेच्या पदराला गेली. डेअरीत दूध घालायला आता नातू जातो. म्हातारा अंगणात आला तरी कोणीतरी विचारतं, कुठे निघालात? आणि तो मागे बाकावर बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, परीक्षेत नापास झालेल्या पोरासारखा. ज्या माणसाने तीस वर्षं चालत्या गाडीत उभं राहून सुटे पैसे मोजले, त्याच्या हातातून तू एका रंगीत कागदाच्या जोरावर पैसे काढून घेतलेस.

'मॅडम, मी "असू शकते" म्हणालो होतो.' म्हणाला होतास, मान्य. 'शकते' हा शब्द डॉक्टरच्या तोंडात असतो. नातेवाइकाच्या कानापर्यंत पोचताना तो वाटेतच गळून पडतो. दुसऱ्या वर्षाला आलास तरी हे कळू नये?

आता रजिस्टर वाच. मोठ्याने. तुझंच अक्षर आहे.

दृष्टी, उजवा डोळा ६/६०. डावा ६/३६. भिंग: न्यूक्लिअर स्क्लेरोसिस, ग्रेड तीन. म्हणजे पिकत आलेला मोतीबिंदू, दोन्हीकडे. मधुमेह: बारा वर्षं. डोळ्याचा दाब? रकाना कोरा. डोळ्याच्या नसेची डिस्क कशी होती? 'नीट दिसत नाही.' ओसीटीची सिग्नल स्ट्रेंथ? तू लिहिली नाहीस. ती कागदाच्या कोपऱ्यात छापलेली असते आणि तिथे बघायची तुम्हाला सवय नाही. मी बघितली. दहापैकी चार.

आपल्या मशीनवर सहाच्या खाली सिग्नल आला तर त्या कागदाचं काय करायचं? पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. फाडायचा. पुन्हा काढायचा. पुन्हा तेच आलं तर लिहायचं की वाचण्याजोगा नाही. ओसीटी म्हणजे काही क्ष-किरण नव्हेत. डोळ्यात जवळच्या अवरक्त प्रकाशाचा झोत जातो, आतल्या पडद्याच्या, म्हणजे रेटिनाच्या, थराथरावरून परततो आणि मशीन त्या परतीच्या प्रकाशावरून थरांची जाडी मांडतं. वाटेत पिकलेलं भिंग असेल तर प्रकाश जातानाही अडतो आणि येतानाही. मग मशीनला थराची कड सापडत नाही आणि जाडी आहे त्यापेक्षा कमी मोजली जाते. मोतीबिंदू काढल्यावर त्याच डोळ्याची तीच जाडी वाढलेली दिसते, हे तुम्ही वॉर्डात बघितलेलं आहे. पडदा रातोरात जाड होतो का? नाही. धुकं निघून जातं, इतकंच.

आणि कागदावरचा लाल रंग. त्याचा अर्थ सांग. नाही, 'आजार' नव्हे. लाल म्हणजे मशीनच्या पोटात ज्या निरोगी माणसांची मापं भरली आहेत, त्यांतल्या शंभरातल्या एकाहून कमी जणांत इतकी पातळ जाडी सापडते. ती माणसं कुठली? किती वयाची? त्यात तुझ्या-माझ्यासारखी किती? हे विचारलंस कधी? मायनस आठचा चष्मा असलेला धडधाकट माणूस त्या मशीनपुढे बसव, कागद लाल येईल. त्याला आपल्या धंद्यात नाव आहे: 'रेड डिसीज'. कागदाला झालेला आजार. माणसाला न झालेला.

बरं, सिग्नल नऊ असता आणि लाल रंग खरा असता, तर आधी काय आठवायला हवं होतं? काचबिंदू! नेत्रविभागात बसून नर्व्ह फायबर लेयर पातळ दिसला आणि काचबिंदूच्या आधी अल्झायमर आठवला, असा पराक्रम माझ्या नोकरीत मी पहिल्यांदा बघितला. दाब मोजला नाहीस. मधुमेहानेही हा थर पातळ होतो, तो बारा वर्षांचा मधुमेह तूच लिहिलास आणि पुढच्या ओळीत विसरलास. विसरण्याचा आजार नक्की कोणाला आहे, असं मी विचारलं तर?

हे सगळं कुठून आलं, तेही मला माहीत आहे. गेल्या महिन्यात जर्नल क्लबला तूच तो पेपर मांडलास. टाळ्या मिळाल्या. मीही शाबासकी दिली. माझीच चूक. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणाऱ्याच्या अंगावर मी आणखी मूठभर हळद उधळली. आता उरलेलं अर्धं हळकुंड चावायला देते. कडू लागेल.

पडदा म्हणजे मेंदूच, हे खरं आहे. गर्भात चौथ्या आठवड्याच्या सुमारास मेंदूच्या पुढच्या भागातून दोन फुगे बाहेर येतात, त्यांचाच पुढे पडदा होतो. ऑप्टिक नर्व्हमधले दहा-बारा लाख तंतू म्हणजे मेंदूच्याच तारा. कवटी न उघडता, सुई न टोचता मेंदूचा एवढा तुकडा उघड्यावर बघायची सोय शरीरात दुसरीकडे नाही. हेल्महोल्ट्झने १८५१ मध्ये ऑफ्थॅल्मोस्कोप जगापुढे ठेवला तेव्हापासून माणूस त्या खिडकीला डोळा लावून उभा आहे. १९८६ मध्ये अल्झायमरने गेलेल्या रुग्णांच्या ऑप्टिक नर्व्हमध्ये तंतू झडलेले सापडले. १९९१ मध्ये ओसीटी आलं आणि पुढे जिवंत माणसाचे थर मायक्रॉनमध्ये मोजता येऊ लागले. विज्ञान पक्कं आहे. मी त्याची थट्टा करत नाही. तुम्ही त्याची थट्टा केलीत, म्हणून हा तास.

आता तुझा लाडका पेपर. यूके बायोबँक, २०१८. बत्तीस हजार माणसं. ज्यांचा थर पातळ, त्यांची बौद्धिक चाचण्यांतली कामगिरी थोडी कमी, आणि पुढच्या तीनेक वर्षांत ती घसरण्याची शक्यता जास्त. बरोबर? आता 'पद्धत' हा विभाग, जो तू स्लाइडवर घेतलाच नाहीस. मोजणीच्या आधी त्यांनी कोणाला वगळलं? डोळ्यांचे आजार असलेल्यांना. मधुमेह असलेल्यांना. मज्जासंस्थेचे आजार असलेल्यांना. म्हणजे आपल्या शिबिरात व्हॅनपुढे जी रांग लागते, ती अख्खी रांग त्यांनी दाराबाहेर काढली आणि मग उरलेल्यांवर निष्कर्ष लिहिला. तू तो निष्कर्ष उचललास आणि नेमका त्याच रांगेतल्या सत्तेचाळिसाव्या माणसाच्या कपाळावर चिकटवलास. देशात मधुमेही किती? आयसीएमआरच्या २०२३च्या अंदाजाप्रमाणे दहा कोटींच्या वर. त्या सगळ्यांना डिमेन्शियाचं पत्र पाठवणार आहेस?

आणखी एक. तो थर सरासरी शंभरेक मायक्रॉनचा. निरोगी माणसातही वयाबरोबर दर दहा वर्षांनी दोनेक मायक्रॉन आपोआप कमी होतो. अल्झायमरचा गट आणि निरोगी गट यांच्या सरासरीतला फरक काही मायक्रॉनचा. दोन्ही गटांचे आलेख एकमेकांवर इतके चढलेले असतात की मधल्या माणसाला कुठल्या गटात टाकायचं हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. हजारोंची सरासरी हा संशोधनाचा धागा झाला. तो एका माणसाच्या गळ्यात अडकवला की त्याचा फास होतो.

खडू घे. फळ्यावर लिही. पीएसएम, म्हणजे सामाजिक वैद्यक, तुम्ही पास होण्यापुरतं वाचलंत, त्यातल्या पार्कच्या पाठ्यपुस्तकाची पानं अजून कोरी करकरीत असतील, म्हणून हे इथे करावं लागतंय. भारतात साठीपुढच्या शंभरांत डिमेन्शिया किती जणांना? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ७.४ टक्के, सगळे मिळून सुमारे ८८ लाख. म्हणजे हजार म्हाताऱ्यांत ७४. आता मी तुझ्या मशीनला उदार मनाने गुण देते. समजा, आजारी माणसांतले ८० टक्के ते पकडतं आणि निरोगी माणसांतल्या ८० टक्क्यांना बरोबर सोडतं. ७४पैकी पकडले ५९. उरलेले निरोगी ९२६, त्यांतले वीस टक्के? १८५. सगळे मिळून लाल कागद हातात पडलेले २४४. त्यांत खरे ५९. भाग दे. चोवीस टक्के. चार जणांना तू घाबरवलंस, त्यांतल्या तिघांना काहीच नाही. आणि जे पंधरा जण खरोखर आजारी होते आणि ज्यांना हिरवा कागद मिळाला, ते 'डॉक्टर म्हणाले काही नाही' असं सांगत गावात फिरणार. पन्नाशीतल्या लोकांची रांग लाव, हा हिशोब आणखी बिघडेल, कारण तिथे आजारच कमी.

१९६८ मध्ये विल्सन आणि युंग्नर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी चाळणी तपासणीच्या दहा कसोट्या लिहिल्या. त्यांतली एक: पकडलेल्या आजारावर मान्य उपचार हवा. दुसरी: पक्कं निदान आणि उपचार यांची सोय हाताशी हवी. त्या तालुक्यात न्यूरोलॉजिस्ट आहे? नाही. मेमरी क्लिनिक? नाही. मग तू माणसाला पाठवलंस कुठे? भीतीकडे. अमेरिकेत अमायलॉइडवरची, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साठणाऱ्या प्रथिनावरची, नवी औषधं आली आहेत, २०२३ मध्ये एकाला पूर्ण मान्यताही मिळाली. ती सुरू करायची तर पेट स्कॅन किंवा पाठीतल्या पाण्याची तपासणी लागते, रक्तस्रावाच्या धोक्यासाठी पुन्हा पुन्हा एमआरआय लागतो. डोळ्याचा स्कॅन बघून ते औषध कोणी सुरू करत नाही. रक्ताची जी तपासणी तिथे २०२५ मध्ये मंजूर झाली, तीसुद्धा पंचावन्नच्या पुढच्या आणि लक्षणं दिसणाऱ्या माणसांसाठी. ठणठणीत माणसाला रांगेत उभं करून नव्हे. रक्तात सापडणाऱ्या खुणेबाबत जे लोक इतके सावध आहेत, त्यांच्यापुढे तू चार सिग्नलचा कागद फडकवत उभा आहेस.

मागून कोण पुटपुटलं? हळद? बोल, मोठ्याने बोल. 'मॅडम, हळदीने पडद्यातलं अमायलॉइड दिसतं ना?' दिसतं, असं लॉस एंजेलिसच्या एका गटाने दाखवलं. २०११ मध्ये उंदरांत आणि मरणोत्तर मानवी डोळ्यांत, २०१७ मध्ये जिवंत रुग्णांत. हळदीतलं कर्क्युमिन अमायलॉइडला चिकटतं आणि विशिष्ट प्रकाशात चमकतं. दुसऱ्या काही प्रयोगशाळांनी शोधलं, त्यांना पडद्यात तसं काही सापडलं नाही. वाद चालू आहे. आणि तिथे कर्क्युमिन हा रंग होता, औषध नव्हतं. तुमच्यातल्या एका शहाण्याने शिबिरात एका आजीला 'रोज हळदीचं दूध घ्या, स्मरणशक्ती टिकते' असा सल्ला दिलाय. त्याचंही पान दुमडलेलं आहे.

आता मुख्य गोष्ट. बसू नकोस, उभाच राहा.

काल मी त्या बाबांना समोर घेतलं. मुलाला विचारलं, विसरतात म्हणजे नेमकं काय करतात? म्हणाला, दुकानात पैसे चुकीचे देतात. वीस रुपये द्यायचे तिथे दोनशे देऊन येतात. ओळखीची माणसं समोरून गेली तरी बोलत नाहीत. पेपर वाचायचा सोडला. संध्याकाळ झाली की घराबाहेर पडत नाहीत. मी ड्रॉवरमधून दोन नोटा काढल्या, वीसची आणि दोनशेची. तूही काढ. खिडकीपाशी जा आणि धर. एक हिरवट पिवळी, दुसरी पिवळी. आता डोळ्यांपुढे जुन्या मधाच्या रंगाची काच आहे असं समज. ग्रेड तीनचं भिंग म्हणजे तेच. सगळंच पिवळं. कुठली वीसची?

बाबांनी दोन्ही नोटा नाकापर्यंत नेल्या, अंगठ्याने कडा चाचपली आणि म्हणाले, 'बाई, पूर्वी हाताला कळायचं.'

आठवण गेली नव्हती त्यांची. उजेड गेला होता. निदान पैशांच्या बाबतीत तरी.

मग तुमच्यातला एक जण, मला वाटतं माझी मर्जी राखायला, पुढे सरसावला. त्याने बाबांना त्यांच्या जुन्या मार्गाचे थांबे विचारले. त्यांनी घडाघडा म्हटले: कोल्हापूर, बांबवडे, मलकापूर, आंबा, साखरपा, नाणीज, पाली, हातखंबा, रत्नागिरी. आणि हे महाशय मला म्हणतात, 'बघा मॅडम, स्मृती शाबूत.' घ्या! एक उजवीकडच्या खड्ड्यात पडला म्हणून दुसऱ्याने डावीकडचा निवडला. अरे, जुनं सगळ्यात शेवटी जातं. अल्झायमरचा रुग्ण लग्नातली पंगत सांगेल, पण सकाळी काय खाल्लं ते सांगणार नाही. मी तीन शब्द दिले, इकडचं-तिकडचं बोलले, पाच मिनिटांनी विचारले. दोन सांगितले, तिसरा सुचवल्यावर आठवला. यावरून मी काय ठरवलं? काहीही नाही. त्यांना काही नाही असंही मी म्हणत नाही. बी-१२ पाठवलंय, थायरॉइड पाठवलंय, कान तपासायला सांगितलेत. बायको गेल्या पावसाळ्यात गेली, हे तुझ्या रजिस्टरात नाही, कारण तू विचारलं नाहीस. दुःखानेही माणूस विसरतो. आणि स्मृतीच्या चाचण्यांत चित्र ओळखायचं असतं, घड्याळ काढायचं असतं. ज्याला कागद दिसत नाही तो नापासच होणार. आधी दृष्टी, मग चाचणी. हा क्रम आहे.

आणि इथेच मला तुमची सगळ्यात जास्त चीड येते. काखेत कळसा आणि गावाला वळसा! २०२४ मध्ये लॅन्सेटच्या आयोगाने डिमेन्शियाची टाळता येण्याजोगी चौदा कारणं मांडली. बहिरेपण, मधुमेह, रक्तदाब, एकटेपण... आणि त्या वर्षी यादीत नवीन काय आलं? उपचार न झालेली कमी दृष्टी. अमेरिकेत सिॲटलच्या एका पाहणीत पासष्टीपुढची तीन हजार माणसं वर्षानुवर्षं पाहिली. ज्यांचा मोतीबिंदू काढला, त्यांच्यात डिमेन्शियाचं प्रमाण तीसेक टक्क्यांनी कमी निघालं. निरीक्षण आहे ते, शस्त्रक्रियेमुळेच असं झालं ही शपथ मी घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका. पण ज्याला दिसतं तो पेपर वाचतो, पारावर जातो, माणसं ओळखतो, हिशोब करतो, आणि मेंदू वापरात राहतो, हे समजायला जर्नल लागत नाही.

म्हणजे त्या माणसाच्या मेंदूसाठी अख्ख्या वैद्यकशास्त्रात आज जे ठोस करण्यासारखं आहे, ते नेमकं आपल्याच विभागात होतं. वीस मिनिटांची शस्त्रक्रिया. आणि तू काय केलंस? ज्या मोतीबिंदूने तुझा कागद खोटा लाल केला, तोच मोतीबिंदू तिथे ठेवून त्याच्याआडून मेंदू बघायला गेलास. खिडकीची काच पुसायची सोडून घरातल्या माणसाला वेड लागलंय म्हणून दवंडी पिटलीस.

उद्या ही स्कॅनची विद्या उपयोगाची ठरेलही. ठरावी अशी माझी इच्छा आहे. आपली माणसं, आपले मधुमेही, आपले मोतीबिंदू धरून कोणीतरी वर्षानुवर्षं मोजमाप करावं लागेल. तुमच्यातल्या कोणाला करायचं असेल तर प्रोटोकॉल लिहून आणा, एथिक्स कमिटीपुढे मी स्वतः बसेन. पण तोवर शिबिरात कोणाच्याही तोंडून ओसीटीच्या जोडीने 'डिमेन्शिया' हा शब्द निघाला, तर तो पुढचे तीन महिने चष्म्याचे नंबर काढत बसेल.

आता कामं. दुमडलेल्या पानांवरच्या सगळ्या पेशंटना आज फोन. ज्यांनी गोंधळ घातला त्यांनीच करायचे, मी शेजारी बसणार. दाबाचे कोरे रकाने शनिवारपर्यंत भरलेले हवेत, माणसांना बोलावून, अंदाजाने नव्हे.

आणि तू. बाबा शुक्रवारच्या लिस्टवर आहेत, उजवा डोळा. साखर आटोक्यात आहे, फिटनेस मिळालाय. आज दुपारी त्यांच्या मुलाला फोन करून बोलवून घे आणि माझ्यादेखत सांग, 'मी चुकलो. त्या कागदावरून काही सांगता येत नाही.' इतकंच. 'शकते' वगैरे घालायचं नाही. कपाटाची किल्ली परत करा, हेही तूच सांगायचं. ती तुझ्यामुळे गेली आहे.

शनिवारी सकाळी पट्टी तू काढशील. थेंब घाल, दृष्टी मोज, दाब मोज आणि लिही. मग स्वतःच्या खिशातल्या दोन नोटा त्यांच्यापुढे धर, एक वीसची, एक दोनशेची. चुकले, तर पुढचा तपास आहे, घाई न करता करू. ओळखल्या, तर दोनशेची त्यांना दे आणि सुटे मागू नकोस. इतक्या कमी फीमध्ये हा धडा तुला दुसरीकडे मिळणार नाही.

बस आता खाली. पुढचा पेशंट कोणाचा आहे?